खेळाची साक्ष

दिवाळीची अगर मे महिन्याची सुटी संपवून विद्यार्थी शाळेंत परतले म्हणजे मधल्या सुटींत हल्लीं एक नवाच वाद ऐकूं येतो. कोणी पुण्यास मामाकडे, तर कोणी मुंबईस काकांकडे जाऊन आलेला असतो. तेथील एखाद्या मोठ्या मॉलमधील खेळघरांत त्यानें पावलांचें यंत्र पाहिलेलें असतें. त्या यंत्रावर गाण्याच्या ठेक्याबरोबर नाचून आपण अमुक इतके गुण मिळविले असें तो छातीवर हात ठेवून सांगतो, आणि ऐकणारे त्यास ‘पुरावा दाखव’ म्हणून घेरतात. मग सायंकाळीं घरीं बोलावून वडिलांच्या मोबाइलांतील व्हिडिओ दाखविला जातो. त्यांत दिसतो तो पांढरा झगझगाट, त्यावरून सरकणारे कांहीं रंगीत ठिपके, मध्येंच आडवा येणारा कोणाचा तरी हात. आणि ऐकूं येतो तो गाण्याहून मोठा असा भोंवतालचा गोंगाट. गुणांचा आंकडा मात्र दिसत नाहीं.

गेल्या दिवाळीनंतर असाच एक वाद आमच्यापर्यंत आला. एका विद्यार्थ्यानें एक अवघड गाणें एकही पाऊल न चुकतां पार केल्याचें सांगितलें. सोबत्यांनीं त्यास थापाड्या ठरविलें. त्याचा व्हिडिओ आम्हींही पाहिला, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आम्हींही हांसून विषय टाळला. पुढें विचार करितां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, आमच्या हांसण्यानें त्या मुलावर अन्याय झाला असावा. कारण त्याचें म्हणणें खोटें आहे असें त्या व्हिडिओनें सिद्ध केलें नव्हतें. व्हिडिओ वाईट निघाला आहे, एवढेंच सिद्ध झालें होतें. साक्षीदार तोतरा असला म्हणून फिर्यादी लबाड ठरत नाहीं. तेव्हां खेळाची खरी साक्ष कशी काढावी, आणि ती काढण्याची खटपट मुलांनीं करावी किंवा नाहीं, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम त्याची ओळख करून देतों. ह्या जातीचे खेळ जपानांत वाढले. कोनामी ह्या कंपनीनें १९९७ सालीं ‘बीटमेनिया’ व १९९८ सालीं ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हीं यंत्रें खेळघरांत आणिलीं. नामको कंपनीचें मोठ्या ढोलाचें ‘तायको नो तात्सुजिन’ २००१ सालीं आलें. पावलांच्या यंत्रांत खेळणाऱ्याच्या पायांखालीं पुढें, मागें, डावीकडे व उजवीकडे असे चार चौकोन असतात. समोरच्या पडद्यावर खालून बाण वर चढत येतात. बाण ठरलेल्या रेषेशीं पोंचतांच त्या दिशेच्या चौकोनावर पाऊल पडलें पाहिजे. पाऊल किती नेमकें पडलें तें यंत्र मोजतें आणि त्याप्रमाणें गुण देतें. आमच्या टेंभुर्णीच्या लोकांस हें मुळींच परकें वाटूं नये. पंढरपूर येथून फार दूर नाहीं. टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणारे वारकरी आम्हीं लहानपणापासून पाहत आलों आहों, आणि शाळेच्या लेझमींत हलगीच्या ठोक्यावर पाऊल चुकलें तर शेजारचा गडीच कोपरानें ढोसून सांगतो. भेद इतकाच कीं, पावलींत गुण नसतात आणि येथें एकेका पावलास गुण आहेत.

आतां ह्या मोजमापाची बारीकी पाहा. पडद्यावरील चित्र सेकंदास सुमारें ६० वेळां बदलतें. म्हणजे एक चित्र एका सेकंदाच्या साठाव्या हिश्शापुरतें टिकतें. ह्या खेळांत जी सर्वांत उत्तम दाद मिळते तिची मर्यादा ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे एवढ्याच हिश्शाच्या आसपास असते. डोळ्याची पापणी मिटून उघडावयास ह्याच्या कित्येक पट वेळ लागतो. अर्थात् शेजारीं उभें राहून नुसत्या डोळ्यांनीं पाहणारा मनुष्य अशा खेळाचा पंच होऊं शकत नाहीं. म्हणूनच जगभरचे खेळाडू आपल्या खेळाचें चित्रण करूं लागले, आणि त्यांतील चोखंदळांस समोरून घेतलेलें चित्रण पुरेना म्हणून ते यंत्राच्या आंतूनच चित्र काढूं लागले.

खेळ टिपून ठेवण्याची हौस महाराष्ट्रास आजची नव्हे. १८९६ सालच्या ७ जुलै रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमियेर बंधूंचीं चलच्चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं. तीं पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, ह्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी ह्या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. आमच्या देशांत एका देशबांधवानें घेतलेलें पहिलें चलच्चित्र तें एका खेळाचें होतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९१२ सालीं दादासाहेब तोरणे ह्यांचा ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपट मुंबईंत झळकला. तो चालू नाटक समोर कॅमेरा ठेवून टिपलेला असल्यामुळें, पहिल्या भारतीय कथाचित्रपटाचा मान बहुतेक लोक त्यास न देतां १९१३ सालच्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’स देतात. समोर कॅमेरा ठेवून टिपणें आणि चित्र मुळांतूनच घडविणें ह्यांत भेद आहे, हें त्या वादांतही लोकांस जाणवलें होतें.

आवाजाचा इतिहास तर आमच्या विषयाच्या अधिकच जवळ येतो. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें ग्रामोफोनवर उतरविलें गेलें तेव्हां त्यांस एका भल्या मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें लागलें. हवेंतून येणारा आवाज त्या कर्ण्यानें गोळा होऊन सुईस हलवीत असे. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार व्हावयाच्या. तेथील कारागिरांस गाणारी कोण हें कळावें म्हणून त्या गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत. १९२५ सालीं विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें, आवाज तारेंतून जाऊं लागला, आणि कर्ण्याचें युग संपलें. मोबाइल समोर धरून खेळ टिपणें हा कर्णा आहे. यंत्रांतून तार काढून टिपणें ही वीज आहे. आणि शेवटीं नांव सांगण्याची जी गरज गौहरजानांस भासली ती आजच्या खेळाडूसही आहे, हें पुढें दिसेल.

प्रथम कर्ण्याची, म्हणजे समोरच्या कॅमेऱ्याची गोष्ट घेऊं. तो सर्वांस साध्य आहे आणि थोडी काळजी घेतली तर अगदींच टाकाऊ नाहीं. पडदा उजळ आणि भोंवतीं अंधार असल्यामुळें मोबाइल गोंधळतो व पडदा पांढरा करून टाकितो. म्हणून पडद्यावर बोट दाबून केंद्र व उजेड अगोदरच बांधून टाकावा. मोबाइल हातांत न धरितां तिपाईवर ठेवावा. सेकंदास ३० ऐवजीं ६० चित्रें घेण्याची सोय असेल तर ती वापरावी, नाहीं तर यंत्रानें दाखविलेलें प्रत्येक दुसरें चित्र हरवतें. जुन्या कांचनळीच्या पडद्यावर चित्र वरून खालीं ओळीओळीनें काढलें जातें. कॅमेऱ्याचें शटर त्याहून लवकर मिटलें तर अर्धेंच चित्र सांपडतें आणि काळा पट्टा वरखालीं फिरत राहतो. शटरचा काळ एक साठांश सेकंद ठेविला तर तो पट्टा बहुतेक नाहींसा होतो. परंतु आमच्या इकडील दिवे विजेच्या मानानें सेकंदास १०० वेळां लुकलुकतात, त्यांचा मेळ साठाशीं बसत नाहीं, आणि कधीं कधीं सबंध चित्रच मंद थरथरूं लागतें. आवाजाचेंही तसेंच आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो; दहा मीटरांवर उभें राहून टिपणाऱ्याकडे ठोका जवळ जवळ दोन चित्रांइतका उशिरां पोंचतो. ज्या खेळांत एका चित्राचा हिशेब होतो त्यांत दोन चित्रांचा उशीर म्हणजे नेमक्या पावलास चुकलेलें दाखविणें होय.

आतां तारेची गोष्ट. यंत्राच्या पेटींत एक संगणकच असतो; त्यांतून चित्राची तार पडद्याकडे व आवाजाची तार ध्वनिवर्धकाकडे गेलेली असते. नव्या यंत्रांत चित्राची तार घरच्या संगणकास असते तशाच जातीची असते. तिच्या वाटेंत स्प्लिटर नांवाची लहानशी डबी बसविली म्हणजे एकाच चित्राच्या दोन वाटा होतात. एक पूर्वीप्रमाणें पडद्याकडे जाते, दुसरी कॅप्चर कार्डांतून लॅपटॉपकडे जाते. जुन्या यंत्रांत मात्र अडचण आहे. त्यांचे पडदे सेकंदास सुमारें १५,७०० ओळी काढीत; संगणकाचे जुने पडदे सुमारें ३१,५०० ओळींचे; आणि बाजारांतील साध्या कॅप्चर कार्डास पहिल्या जातीची तार बहुधा समजतच नाहीं. तेथें मध्यें एक रूपांतरक लागतो. आवाज मोठ्या कर्ण्याच्या तारेवरून न घेतां वर्धकाच्या अलीकडील क्षीण तारेवरून घ्यावा लागतो, नाहीं तर तो फाटका येतो, किंबहुना कार्डच जळतें. चित्र व आवाज निरनिराळ्या वाटांनीं येत असल्यामुळें त्यांचा मेळ मागाहून तपासून घ्यावा लागतो. खेळणाऱ्यानें यंत्राच्याच पडद्याकडे पाहावें, लॅपटॉपकडे पाहूं नये. कारण लॅपटॉपवर चित्र किंचित् मागाहून उमटतें.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. रुंदीस १,९२० व उंचीस १,०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्यास ३ बाइट, आणि सेकंदास ६० चित्रें. म्हणजे एका सेकंदास सदतीस कोटींहून अधिक बाइट होतात. एवढा लोंढा साध्या लॅपटॉपांत मावावयाचा नाहीं; म्हणून चित्र दाबून लहान करावें लागतें. सेकंदास दोन कोटी बिट इतकें लहान केलें तर दोन मिनिटांचें गाणें सुमारें ३० कोटी बाइटांत बसतें. भूमितीच्या तासास जांभया देणारे आमचे कित्येक विद्यार्थी हा हिशेब बोटांवर करितात, हें पाहून आम्हांस आनंद झाला.

येथें कोणी म्हणेल कीं, आंतून काढलेलें चित्रण जर इतकें स्वच्छ तर तेंच अखेरचें प्रमाण मानावें. आमचें मत तसें नाहीं. आंतलें चित्रण यंत्रानें काय पाहिलें तें सांगतें, परंतु कोणी खेळलें तें सांगत नाहीं. पाय तुमचे होते कीं तुमच्या मावसभावाचे, हें बाणांवरून कसें कळावें? अमेरिकेंत ‘डाँकी काँग’ नांवाच्या जुन्या खेळाच्या विक्रमांवरून मोठा वाद माजला. विक्रम नोंदविणाऱ्या ट्विन गॅलक्सीज ह्या संस्थेनें २०१८ सालीं एका नामांकित खेळाडूचे विक्रम नोंदींतून काढून टाकिले. कारण चित्रफितींत पडद्यावर आकृति ज्या क्रमानें उमटत होत्या तो क्रम मूळ यंत्राचा नव्हे असें तपासणारांस आढळलें. प्रकरण न्यायालयांत गेलें, २०२४ सालीं तडजोड झाली, आणि ते विक्रम जुन्या नोंदींच्या दप्तरांत पुन्हां ठेविले गेले. त्या वादांत बरोबर कोण हें ठरविणें आमचें काम नव्हे. परंतु त्यापासून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. चांगलें चित्रण असल्यामुळेंच एवढा बारीक तपास होऊं शकला, हा एक. आणि नुसतें चित्रण असल्यानें वाद मिटला नाहीं, हा दुसरा.

पवित्र शास्त्रांत एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा करूं नये, दोन किंवा तीन साक्षी घ्याव्या, असा दंडक आहे. तो येथेंही लागू पडतो. आंतलें चित्र ही एक साक्ष, आणि खेळाडूचे हातपाय दाखविणारा बाहेरचा कॅमेरा ही दुसरी. दोन्ही एकाच वेळीं घेऊन एका पडद्यावर शेजारीं शेजारीं ठेवाव्या. गाण्यापूर्वीं खेळाडूनें कॅमेऱ्यापुढें तोंड दाखवून नांव सांगावें. गाणें संपून गुणांचा फलक पुरता दिसेपर्यंत चित्रण तोडूं नये. जपानांतील व इतर देशांतील पुष्कळ चांगले खेळाडू अशीच दुहेरी पद्धत पाळतात. पहिली साक्ष खेळाची, दुसरी खेळाडूची. दोहोंचा मेळ पडला म्हणजे वादास जागा उरत नाहीं.

पालकांकडून दोन आक्षेप येतात. पहिला हा कीं, हा सगळा खर्चाचा व उनाडपणाचा उद्योग आहे. पुणें येथून दीडशे किलोमीटरांहून दूर. एकेका गाण्यास मोजावे लागणारे पैसे निराळे. हें आम्हांस मान्य आहे, आणि केवळ एवढ्यासाठीं एस. टी. चें तिकीट काढावें असें आम्ही कोणासही सुचवीत नाहीं. परंतु त्यावर उपाय आहे. ‘स्टेपमेनिया’ नांवाचा ह्याच जातीचा खेळ संगणकावर मोफत मिळतो, आणि संगणकाच्या पडद्यावरील चित्र जसेंच्या तसें टिपणारा ‘ओबीएस स्टुडिओ’ हा कार्यक्रमही मोफत आहे. ज्याच्या घरीं संगणक आहे त्यास कोणतीही पेटी न उघडतां, कोणतीही डबी विकत न घेतां, तारेची सगळी विद्या घरबसल्या शिकतां येते. ह्या विद्येचा उपयोग खेळापुरताच नाहीं. स्नेहसंमेलनांतील नाटुकलें, लेझमीची कवाईत, विज्ञानाच्या शिक्षकांचा प्रयोग हीं स्वच्छ चित्रानें व स्वच्छ आवाजानें टिपावयाचीं तर हेंच ज्ञान लागतें. गेल्या कित्येक संमेलनांचे व्हिडिओ आम्हीं पाहिले आहेत. त्यांत मुलांचीं गाणीं कमी व मंडपवाल्याच्या पंख्याचा आवाज अधिक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलगा सतत स्वतःचें चित्र काढूं लागला तर तो खेळावयाचें सोडून मिरवावयास शिकेल. ही भीति खरी आहे. ज्याचें लक्ष टाळ्यांवर असतें त्याचा ठेका सुटतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चित्रणाचा पहिला प्रेक्षक स्वतः खेळाडूच असावा. आपलें पाऊल सदा लवकर पडतें कीं उशिरां, डावा पाय अडखळतो कीं उजवा, गाण्याच्या कोणत्या वळणावर धीर सुटतो, हें आंतल्या चित्रणांत चित्रागणिक थांबवून पाहतां येतें. अशा रीतीनें पाहणारास चित्रण हा आरसा होतो. इतरांस दाखविण्यासाठींच घेणारास तें शृंगाराचें दुकान होतें. वस्तु एकच, उपयोग निराळे.

कांहीं बंधनें मात्र आम्हांस अपरिहार्य वाटतात. खेळघराच्या मालकाच्या परवानगीवांचून यंत्रास हात लावूं नये. जपानांतील पुष्कळ खेळघरांत परवानगीवांचून साधें चित्रणही करूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. यंत्राची पेटी मुलांनीं स्वतः कधींही उघडूं नये. जुन्या कांचनळीच्या मोठ्या पडद्यांत वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो कांहीं काळ आंत दबा धरून राहतो. तें काम जाणत्या कारागिराचें आहे. चित्रणांत इतर गिऱ्हाइकें, विशेषतः लहान मुलें, दिसूं नयेत अशा बेतानें कॅमेरा ठेवावा. आणि खेळांतील गाणें हें कोणाच्या तरी मालकीचें असतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें त्या मालकीस आमच्या देशांतही संरक्षण आहे. स्वतः पाहण्यासाठीं टिपणें निराळें आणि चव्हाट्यावर मांडणें निराळें. मांडण्यापूर्वीं त्या कंपनीचे नियम वाचावे.

असो. ज्या विद्यार्थ्यापासून आम्हीं आरंभ केला त्याची हकीकत पुरी करावयाची राहिली. मे महिन्यांत तो पुन्हां पुण्यास गेला. मालकास विचारून त्यानें एक मोबाइल पडद्यासमोर तिपाईवर बांधला, दुसरा पायांकडे लाविला, उजेड अगोदर बांधून घेतला, आणि तेंच गाणें तो खेळला. जूनमध्यें शाळा उघडल्यावर तो आपण होऊन तें चित्रण घेऊन आमच्याकडे आला. चित्र स्पष्ट होतें. फलकही वाचतां येत होता. त्या फलकावर तीन पावलें चुकलेलीं होतीं.

आम्हीं त्यास विचारलें, ‘अरे, मग हें दाखविण्यास कशाला आणिलेंस?’ तो म्हणाला, ‘सर, दिवाळींत एकही चुकलें नव्हतें; पण तें आतां कोणाला दाखवितां येत नाहीं. हें दाखवितां येतें, म्हणून आणलें.’

ज्या सोबत्यांनीं त्यास थापाड्या म्हटलें होतें त्यांनींही तें चित्रण पाहिलें. कोणी हांसलें नाहीं; उलट ‘तिसरें चुकलेलें पाऊल तुझें नव्हे, घामानें बूट घसरला’ असें दोघांनीं पायांकडील चित्र दाखवून त्यास समजाविलें. दिवाळींतल्या दाव्याविषयीं त्यानंतर कोणी पुन्हां शंका घेतली नाहीं. जो आपली चूक इतक्या स्पष्ट चित्रांत दाखवितो त्याच्या न दिसलेल्या यशावर लोक विश्वास ठेवितात. आम्हींही त्या दिवशीं त्याची क्षमा मागितली, आणि ती येथें छापून पुन्हां मागत आहों.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें असला व्हिडिओ पुढें केला तर ‘अभ्यास कर’ म्हणून तो परत करण्यापूर्वीं दोन मिनिटें पाहावा, आणि कोठें चुकलास तें दाखव असें म्हणावें. जो मुलगा तें दाखवूं शकेल त्याची काळजी करण्याचें फारसें कारण नाहीं.